चिनी पुरुषाची वेणी

कपाळापासून टाळूपर्यंत वस्तऱ्याने गुळगुळीत केलेले डोके आणि मागे पाठीवर लोंबणारी लांब वेणी, ही चिनी पुरुषाची एके काळी जगभर ओळखली जाणारी छबी मुळात चिनी नव्हती. ती मांचूंची होती. ईशान्येकडच्या जंगल-कुरणांतून आलेल्या या घोडेस्वार शिकारी लोकांनी १६४४ मध्ये बीजिंग घेतले, आपल्या छिंग राजवंशाची गादी तिथे आणली आणि जिंकलेल्या हान प्रजेच्या डोक्यावर स्वतःची केशरचना बसवली. मराठी वाचकाला ती पाहून घेरा आणि शेंडी आठवते, पण हे साम्य वरवरचे आहे. शेंडी ठेवायला धर्माने सांगितले होते, वेणी ठेवायला सरकारने.

त्याआधीच्या मिंग राजवटीत हान पुरुष केस कापत नसे. शरीर, केस, कातडी ही आईबापांची ठेव असते आणि तिला धक्का लावणे म्हणजे त्यांचा अपराध, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण होती. मुलगा वयात आला की त्याचे केस वर घेऊन डोक्यावर अंबाडा बांधत. त्यावर जाळी आणि जाळीवर हुद्द्याप्रमाणे टोपी. भादरलेले डोके दिसे ते बौद्ध भिक्षूचे. आणखी जुन्या काळी गुन्हेगाराला शिक्षा म्हणूनही मुंडत असत.

बालसम्राटाच्या नावाने कारभार पाहणारा मांचू राजपुत्र दोर्गोन याने बीजिंगमध्ये शिरताच मुंडणाचा हुकूम काढला होता, पण लोक बिथरलेले पाहून तो काही आठवड्यांत मागे घेतला. जून १६४५ मध्ये नानजिंग पडले, तेव्हा हाच हुकूम पुन्हा निघाला. या वेळी त्याला मुदत होती : हुकूम पोचल्यापासून दहा दिवस. लोकांच्या तोंडी त्याचे सुटसुटीत रूप झाले. डोके ठेवायचे असेल तर केस ठेवू नका, केस ठेवायचे असतील तर डोके राहणार नाही. यांगत्सेच्या काठावरचे च्यांगयिन शहर तोवर नव्या राजवटीला शरण गेलेले होते. सारा कोणाला भरायचा, हा प्रश्न तिथल्या लोकांनी फारसा मनाला लावून घेतला नव्हता. केसांचा हुकूम आला तेव्हा मात्र शहर उलटले, वेशी बंद झाल्या आणि यान यिंगयुआन या किरकोळ हुद्द्याच्या माणसाच्या नेतृत्वाखाली ते ८१ दिवस लढले. शहर पडल्यावर सरसकट कत्तल झाली. जवळच्या च्याडिंगमध्ये तर त्याच वर्षी तीनदा कत्तल झाली. कन्फ्यूशियसच्या एका वंशजाने घराण्याच्या परंपरेचा दाखला देऊन केस राखण्याची परवानगी मागितली, तेव्हा असा अर्ज करणाराही देहदंडालाच पात्र आहे, केवळ महात्म्याचा वंशज म्हणून जीव वाचतो आहे, असे त्याला ऐकवून नोकरीवरून काढण्यात आले.

हुकुमातून काही जण सुटले. बायकांना तो लागू नव्हता, ताओपंथी पुजाऱ्यांचा अंबाडा शाबूत राहिला आणि रंगमंचावर नटांना मिंग काळातले कपडे चालत. पुढची अडीच शतके हान पुरुषाला आपला जुना पोशाख पाहायला मिळाला तो नाटकात.

सुरुवातीची वेणी नंतरच्या छायाचित्रांत दिसते तशी भरघोस नव्हती. डोक्याच्या मागच्या बाजूला जेमतेम नाण्याएवढे केस राखायचे आणि त्यांची उंदराच्या शेपटीसारखी बारीक वेणी घालायची. चिनी नाण्याच्या मधल्या चौकोनी भोकातून ती आरपार जावी, असा तिचा मापदंड सांगितला जाई. जसजशी भीती ओसरली तसतसा हा पुंजका वाढत गेला. एकोणिसाव्या शतकापर्यंत वेणी जाडजूड झाली, तिच्या टोकाला रेशमी गोंडे आले, केस विरळ असलेले लोक तिच्यात गंगावन गुंफू लागले. जुलूम म्हणून आलेली गोष्ट हौसेची झाली होती.

किती हौसेची, हे १७६८ मध्ये दिसले. त्या वर्षी चच्यांग प्रांतातल्या डेछिंग भागात अफवा उठली, की भोंदू लोक वाटेवरच्या माणसाच्या वेणीचे टोक कापून नेतात आणि त्यावर मंत्र घालून त्याचा आत्मा पळवतात. भिकारी, भटके भिक्षू, परगावचे गवंडी यांना लोक धरून झोडपू लागले. छ्यानलुंग सम्राटाला जादूटोण्यापेक्षा वेगळीच शंका आली : वेणी कापणे म्हणजे राजद्रोह तर नव्हे? प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांमागे त्याने तगादा लावला, छळ करून कबुलीजबाब मिळवले गेले आणि शेवटी हाती काहीच लागले नाही. हे प्रकरण वेणीच्या इतिहासात फार बोलके आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या वेणीपायी माणसे मेली, ती जाईल म्हणून आता त्याच मुलखातल्या माणसांची झोप उडाली होती. सम्राटाला मात्र ती अजूनही निष्ठेची खूणच वाटत होती.

डोक्याचा पुढचा भाग सतत भादरावा लागे, त्यामुळे न्हाव्याचा धंदा बारमाही चाले. फिरत्या न्हाव्याची धोकटी म्हणजे एक कावड असे. एका टोकाला शेगडी आणि गरम पाण्याचे घंगाळ, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाला बसायचे खण असलेले लाकडी आसन. खणात वस्तरे, फण्या, कान कोरण्या. एकतर्फी प्रेमाला चिनी भाषेत अजूनही ‘न्हाव्याची कावड, एकाच बाजूने गरम’ असे म्हणतात. कावडीवरच्या उभ्या खांबाबद्दल दंतकथा आहे, की १६४५ साली त्यावर हुकूम, आणि तो न मानणाऱ्यांची मुंडकी, टांगलेली असत. सम्राट वारला की शंभर दिवस वस्तरा बंद. सुतकात हजामत करणे हा गुन्हा होता. १७४८ मध्ये सम्राज्ञीच्या सुतकात डोके भादरल्याबद्दल मोठमोठे अधिकारी शिक्षेस पात्र ठरले होते.

वेणीला पहिले मोठे आव्हान दिले ते आधुनिकतेने नव्हे, बंडाने. १८५१ ते १८६४ या काळात दक्षिण चीन व्यापणाऱ्या थायफिंग बंडखोरांनी वेण्या कापल्या, पुढचे केस वाढवले आणि त्यांना ‘लांबकेशे’ हेच नाव पडले. त्यांच्या मुलखात भादरलेले डोके धोक्याचे आणि सरकारी मुलखात वाढलेले केस धोक्याचे. मधल्या गावांतल्या शेतकऱ्याने काय करावे, याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

परदेशात गेलेल्या चिन्यांची अडचण निराळी होती. वेणी नसेल तर मायदेशी परतता येत नाही आणि वेणी असेल तर परक्या शहरात पोरे मागे लागतात. सॅन फ्रान्सिस्को नगरपालिकेने १८७६ मध्ये नियम केला, की कैद्यांचे केस इंचभर ठेवून कापावेत. नियमात चिन्यांचे नाव कुठेच नव्हते, पण तो कोणासाठी आहे हे सगळ्या शहराला ठाऊक होते. दाटीवाटीने राहण्याच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात गेलेल्या हो आ काऊ या मजुराची वेणी कापली गेली आणि त्याने शेरीफवर दावा लावला. १८७९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी त्याच्या बाजूने निकाल देऊन नियम बेकायदा ठरवला. मांचूंनी तलवारीने लादलेली वेणी आता अमेरिकेच्या न्यायालयात चिनी माणसाच्या प्रतिष्ठेची वस्तू म्हणून उभी राहिली होती.

त्याच दशकात छिंग सरकारने १२० मुलगे शिकायला अमेरिकेत धाडले होते. अफूच्या युद्धांत चीन हरला होता.  या पराभवांनंतर तोफा, गोद्या, तारायंत्र परक्यांकडून घ्यायचे आणि संस्कार मात्र आपले ठेवायचे, असे दरबारातल्या सुधारकांचे धोरण ठरले. येल विद्यापीठाचे पदवीधर युंग विंग यांच्या पुढाकाराने १८७२ पासून ही मुले कनेक्टिकटमधल्या घरांत राहू लागली. ती बेसबॉल खेळत, वेणी कोटाच्या आत खोचत किंवा डोक्याभोवती गुंडाळत. काहींनी ती कापली आणि त्यांची परत पाठवणी झाली. १८८१ मध्ये सगळ्यांनाच माघारी बोलावले गेले. कापलेल्या वेण्या हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण यंत्र शिकायला गेलेली मुले चिनी राहतील का, ही धास्ती त्यामागे होती. त्यांच्यापैकीच चान थ्येनयू यांनी पुढे बीजिंग ते चांगच्याखोऊ हा लोहमार्ग १९०९ मध्ये चिनी अभियंत्यांच्या बळावर पुरा केला.

१८९५ मध्ये जपानने चीनचा पराभव केला आणि प्रश्न धारदार झाला. जपान्यांनी आपले पारंपरिक अंबाडे सोडायला १८७१ मध्येच मुभा दिली होती आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राटाने केस कापले होते. कांग यूवेई या सुधारकाने १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणांसाठी लिहिलेल्या म्हणून पुढे प्रसिद्ध केलेल्या एका निवेदनात वेणी कापण्याची विनंती आहे. त्यातले एक कारण अगदी कारखान्यातले आहे : लोंबती वेणी यंत्रात अडकली तर माणूस जागीच मरेल. त्यापूर्वीच, १८९५ मध्ये ग्वांगचौचा उठाव फसल्यावर, क्रांतिकारक सन यत्-सेन यांनी जपानमध्ये वेणी उतरवून पाश्चात्त्य पोशाख चढवला होता. कांग यांना मांचू सम्राट ठेवून वेणी घालवायची होती, सन यांना दोन्ही नको होते. कात्री एकच, पण ती दोन वेगळ्या कामांसाठी उचललेली होती.

विसाव्या शतकाच्या वळणावर ‘राष्ट्र’ या अर्थाचा ‘मिनत्सू’ हा शब्द जपानमार्गे चिनी भाषेत रुळू लागला. विचारवंत ल्यांग छिचाव यांनी १९०२ मध्ये त्यापुढे ‘चुंगह्वा’ जोडून चिनी राष्ट्राची संज्ञा घडवली. पण हे राष्ट्र कोणाचे? तरुण क्रांतिकारकांच्या लेखी ते हान लोकांचे होते आणि वेणी हे गुलामीचे दावे होते. तोक्यो त्यांच्या घोळक्यांनी गजबजले. १९०३ मध्ये झोऊ रुंग आणि त्याच्या मित्रांनी चिनी विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरात घुसून त्याचीच वेणी कापली. त्याच वर्षी लू शून याने स्वतःची उतरवली. हा विद्यार्थी पुढे आधुनिक चिनी गद्याचा मोठा लेखक झाला. मायदेशी परतताना शांघायमध्ये त्याने खोटी वेणी विकत घेतली. तिची किंमत रोख चार रुपेरी डॉलर, घासाघीस नाही, आणि ती बनवणारा कारागीर त्या कामात निष्णात होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. महिनाभर वापरून त्याने ती टाकून दिली. गर्दीत ती निसटून पडली तर मुळीच वेणी नसण्यापेक्षा जास्त फजिती व्हायची.

डिसेंबर १९१० मध्ये छिंग दरबाराने स्वतःच नेमलेल्या सल्लागार सभेने वेणी कापण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने ठराव केला, तो दरबाराने फेटाळला. जानेवारी १९११ मध्ये मुरलेले मुत्सद्दी वू थिंगफांग यांच्या पुढाकाराने शांघायच्या चांग उद्यानात जाहीर सभा भरली आणि न्हाव्यांनी मंचावर एकामागून एक वेण्या उतरवल्या. ऑक्टोबरात वूछांगला क्रांतीचा भडका उडाला. डिसेंबरात दरबाराने ‘ज्याला कापायची त्याने कापावी’ असे फर्मान काढले, तोवर शहरांच्या वेशींवर कात्र्या घेतलेले शिपाई उभे राहिले होते.

या धामधुमीत वेगळीच धास्ती घेतली ती रेशमाच्या व्यापाऱ्यांनी. वेणी गेली की लोक पाश्चात्त्य कोट घालणार, कोट लोकरीचा, लोकर परदेशी. मग रेशीम विणणारे, शिंपी, टोपीवाले यांनी काय करायचे? शांघायच्या या संघांनी डिसेंबर १९११ मध्ये देशी माल जपण्यासाठी मंडळ काढले आणि ‘केस कापा, कपडे बदलू नका’ असा प्रचार सुरू केला. स्वदेशीचा हा चिनी अवतार भावनेइतकाच हिशेबातून जन्मला होता. सरकारने ऐकले. ऑक्टोबर १९१२ च्या पोशाखाच्या कायद्यात पाश्चात्त्य वेषाबरोबर लांब झगा आणि वर आखूड जाकीट यांनाही मान्यता मिळाली. त्यातली गंमत अशी, की हे ‘देशी’ जाकीट, माक्वा, मुळात मांचू घोडेस्वारांचे होते. मांचूंची वेणी उतरवून त्यांचे जाकीट राष्ट्रीय पोशाख म्हणून कायम झाले.

१ जानेवारी १९१२ रोजी प्रजासत्ताक आले, पंचांगही पाश्चात्त्य झाले. फेब्रुवारीत सम्राटाने गादी सोडली, त्याच महिन्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युआन शिकाय यांनी वेणी उतरवली. ५ मार्चला हंगामी राष्ट्राध्यक्ष सन यांचा हुकूम निघाला : सरकारी आदेश पोचल्यापासून वीस दिवसांत सर्वांनी वेण्या काढाव्यात. १६४५ च्या हुकुमाचा साचा तोच होता, मुदत तेवढी दुप्पट. कापलेल्या डोक्यावर मिंग काळातला अंबाडा मात्र परतला नाही. विद्वान छ्येन श्वानथुंग यांनी प्राचीन ग्रंथ धुंडाळून तसा झगा शिवून घेतला आणि १९१२ मध्ये तो घालून चच्यांगच्या शिक्षण कचेरीत गेले. सगळी कचेरी हसली. हान परंपरा परत आणायची म्हणून क्रांती केली म्हणणाऱ्या लोकांनीही केस ठेवले ते पाश्चात्त्य पद्धतीने आखूड. हेच छ्येन पुढे चिनी अक्षरेच मोडीत काढा म्हणू लागले.

ऑक्टोबर १९११ मध्ये शीआनमध्ये मांचू वस्तीची कत्तल झाली होती. सत्ता हाती आल्यावर मात्र केवळ हान लोकांचे राष्ट्र परवडणारे नव्हते, कारण मग तिबेट, मंगोलिया, मांचुरिया यांवर हक्क कुठला सांगायचा? म्हणून नवा झेंडा पाच रंगांचा झाला : हान, मांचू, मंगोल, हुई मुसलमान आणि तिबेटी. ज्यांचे राज्य मोडले तेच आता राष्ट्राचा पाचवा हिस्सा ठरले.

खेड्यांत लोक थांबून पाहत होते. वेणी गुंडाळून टोपीखाली दडवली, की क्रांती टिकली तरी ठीक आणि सम्राट परतला तरी ठीक. लू शूनच्या ‘आ क्यू’ मध्ये क्रांती आल्यावर नायक वेणी डोक्यावर गुंडाळून तीत बांबूची जेवणाची काडी खोचतो. तेवढीच त्याची क्रांती. दुसऱ्या एका कथेत शहरात वेणी कापली गेलेला नावाडी, सम्राट परतल्याची बातमी ऐकून, आता डोके जाणार या भीतीने गळून जातो. ही बातमी खरी होती. चांग शून या सेनापतीने स्वतःची आणि सगळ्या फौजेची वेणी प्रजासत्ताकातही राखली होती, शेंडी तुटो वा पारंबी तुटो अशा हट्टाने. १ जुलै १९१७ रोजी त्याने बीजिंगमध्ये अकरा वर्षांच्या पूयीला पुन्हा गादीवर बसवले. लोक नाटकाच्या कपड्यांच्या दुकानांत जाऊन घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या वेण्या मागू लागले. या दरबारात कांग यूवेई हजर होते, वेणी कापण्याचे निवेदन ज्यांच्या नावावर आहे तेच. बाराव्या दिवशी सगळे संपले. पळणाऱ्या शिपायांनी ओळख पुसायला वेण्या कापून रस्त्यांत टाकल्या.

पूयीने स्वतः १९२२ च्या सुमारास वेणी उतरवली. स्कॉटिश शिक्षक रेजिनाल्ड जॉन्स्टन तिला डुकराचे शेपूट म्हणत असत. त्यानंतर काही दिवसांत राजवाड्यातल्या हजारभर वेण्या नाहीशा झाल्या, उरल्या त्या तीन वृद्ध शिक्षकांच्या आणि काही दरबाऱ्यांच्या. बाहेर पेकिंग विद्यापीठात गू हुंगमिंग हे वेणी मिरवत इंग्रजी साहित्य शिकवत. पेनांगमध्ये जन्मलेल्या आणि एडिंबरात शिकलेल्या या माणसाला वेणी सक्तीने मिळालेली नव्हती, त्याने ती निवडली होती. इतिहासकार वांग क्वोवेई यांनी २ जून १९२७ रोजी बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यातल्या तळ्यात जीव दिला, तेव्हाही त्यांच्या पाठीवर वेणी होती.

चिनी केसांना परदेशात बाजारही होता. शांतुंग प्रांतातल्या यानथाय बंदराच्या आसपास मानवी केसांच्या जाळ्या विणण्याचा उद्योग वाढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायका-मुली अमेरिकी स्त्रियांच्या अंबाड्यांसाठी त्या विणू लागल्या. १९२० च्या दशकात अमेरिकी बायकांनीच केस आखूड केले आणि मागणी आटली. चीनमध्येही विद्यार्थिनींनी बॉब केला. १९२७ मध्ये कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, तेव्हा हुनान-हूपेमध्ये आखूड केस असणे एवढ्यावरून मुली मारल्या गेल्या. डोके पाहून पक्ष ओळखायची सवय मोडलेली नव्हती, ती फक्त पुरुषांवरून बायकांवर सरकली.

दरम्यान सन यत्-सेन यांच्या नावाने ओळखला जाणारा बंद गळ्याचा, चार खिशांचा कोट सरकारी नोकरांचा झाला आणि १ ऑक्टोबर १९४९ रोजी तियानआनमनवर माओंच्या अंगावर त्याच घाटाचा कोट होता. ऑक्टोबर २००१ मध्ये शांघायला भरलेल्या आशिया-पॅसिफिक परिषदेत जगभरच्या नेत्यांना ‘चिनी’ म्हणून रेशमी जाकिटे घालायला दिली, त्यांचा घाट माक्वावरून घेतलेला होता. दोन वर्षांनी चंगचौ शहरात एक तरुण मिंगपूर्व पद्धतीचा हान झगा घालून रस्त्यावरून फिरला. तेव्हापासून हान पोशाखाची चळवळ वाढत गेली आहे. तिच्या अनुयायांना माक्वा परका वाटतो, वेणी असलेल्या छिंगकालीन मालिकांवर त्यांचा राग आहे. झग्यावर डोके मात्र बहुतेकांचे १९१२ चेच आहे, आखूड केसांचे. फोटोपुरता अंबाडा हवा असेल तर तो टोपासकट दुकानात मिळतो.